सजवलेला डेस्कटॉप उतरवताना

मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्या एका माणसाने त्याला नवं रूप द्यावं म्हणून एक ग्लोबल थीम बसवली. रंग बदलतील, पॅनलची जागा हलेल, एवढीच अपेक्षा होती. थीमबरोबर आलेल्या स्क्रिप्टने त्याच्या होम फोल्डरपासून जोडलेल्या इतर ड्राइव्हपर्यंत, जे जे पुसायची त्याला परवानगी होती ते ते पुसून टाकलं. कुणी मुद्दाम केलेला घात नव्हता हा. स्क्रिप्ट ढिसाळ होती, इतकंच. केडीईच्या मंडळींनी लगेच जाहीर इशारा दिला की ग्लोबल थीम दिसण्यापुरती नसते, ती कोडही चालवते. थीमच्या पानावरचं सुंदर चित्र बघून बटण दाबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होतं?

एरवी सजावटीचं नुकसान इतकं नाट्यमय नसतं. वाण्याकडच्या उधारीसारखं ते हळूहळू साचतं.

ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. आपलं एक्स्टेन्शन, म्हणजे डेस्कटॉपला जोडायची छोटी पुरवणी, कोणत्या आवृत्त्यांवर चालतं, हे ते लिहिणाऱ्याला एका फाइलमध्ये नोंदवावं लागतं; त्या यादीत नव्या आवृत्तीचा आकडा नसेल तर एक्स्टेन्शन बंद पडतं. सप्टेंबर २०२३ मधल्या ग्नोम ४५ ने तर मॉड्यूल जोडण्याची पद्धतच बदलली आणि जुन्या एक्स्टेन्शनांचा कोड दुरुस्त करून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. एखाद-दुसरं एक्स्टेन्शन असलेल्याने थोडे दिवस वाट पाहिली असेल. पण डॉक, मेन्यू, घड्याळ, खिडक्यांची मांडणी असं सगळंच ज्याने एक्स्टेन्शनांवर सोपवलेलं असतं, त्याला अपडेटनंतर स्वतःचाच संगणक ओळखू येत नाही. ही एक्स्टेन्शनं बहुधा कुणीतरी फावल्या वेळात सांभाळत असतं. त्याचा रस संपला, की दाद मागायची कुणाकडे?

सजावटीचा सोस म्हणजे निव्वळ पोरकटपणा, असं मात्र म्हणता येत नाही. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या डेस्कटॉपकडे गेले होते. २०१३ मध्ये ते ग्नोमकडे परतले ते एक्स्टेन्शनांचा आधार घेऊनच. उलट ग्नोमच्या जडणघडणीतले हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच मांडलं होतं की सेटिंगमधल्या प्रत्येक पर्यायाची किंमत कुणीतरी मोजत असतं. दोघांचंही खरं आहे. प्रश्न येतो तो कामासाठी केलेले बदल आणि मित्रांना स्क्रीनशॉट दाखवण्यासाठी केलेले बदल एकमेकांत मिसळतात तेव्हा. दोन वर्षांनी कोणता कशासाठी केला होता, हे करणाऱ्यालाही आठवत नाही.

सगळं विस्कटलं की पहिला विचार सुचतो तो लिनक्स नव्याने बसवण्याचा. अर्धा दिवस त्यात जातो आणि पुष्कळांच्या पदरी निराशाच येते. कारण शहाणपणा करून होमचं पार्टिशन वेगळं ठेवलेलं असतं. प्रणाली कोरी करकरीत होते, पण सजावटीच्या बऱ्याचशा नोंदी होममधल्या लपलेल्या फोल्डरांत असतात, त्या जागच्या जागी राहतात. लॉगिन केलं की तोच मोडका पॅनल पुन्हा हजर.

त्याआधी करून बघण्यासारखी एक साधी गोष्ट आहे: त्याच संगणकावर दुसरं यूजर खातं उघडावं आणि त्यातून लॉगिन करावं. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर दोष बहुतेक आपल्या जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही तोच त्रास असेल, तर गडबड प्रणालीच्या पातळीवर आहे. बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी, ड्रायव्हर, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली पॅकेजेस यांच्याकडे मग वळावं. निदानाची ही पायरी गाळून थेट उपचार सुरू केले, की चांगल्या गोष्टीही मोडतात.

दोष खात्यातच निघाला, तरी लगेच पुसापुशी नको. डॉट कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरला नुसतं दुसरं नाव दिलं तरी चालतं; पुढच्या लॉगिनला डेस्कटॉप स्वतःसाठी नवा फोल्डर तयार करतो. हे काम मात्र लॉगआउट होऊन, टेक्स्ट कन्सोलवरून करावं, कारण चालू डेस्कटॉप बाहेर पडताना जुनी सेटिंग पुन्हा लिहून ठेवू शकतो. नाव बदलायचं, पुसायचं नाही, यालाही कारण आहे. त्याच फोल्डरात क्रोमचं प्रोफाइल असतं, म्हणजे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्डही. लिबरऑफिसमध्ये शब्दकोशात आपण एकेक करून घातलेले मराठी शब्दही तिथेच असतात. लिहिण्यावर पोट असलेल्याला पॅनलपेक्षा ते शब्द मोलाचे. हवे ते फोल्डर नंतर जुन्यातून नव्यात आणता येतात.

मराठीत टंकणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. ग्नोमची सेटिंग डीकॉन्फ नावाच्या साठ्यात असतात. तो साठा मुळापासून रीसेट केला की कीबोर्डची यादीही जाते, आणि इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जे काही वापरात होतं ते नव्याने जोडावं लागतं. त्यासाठी आधी डीकॉन्फची एक प्रत मजकुराच्या फाइलमध्ये काढून ठेवावी. आवडते देवनागरी फॉन्ट होममधल्या लपलेल्या फोल्डरात टाकलेले असतील, तर तेही बघून घ्यावेत.

यापुढचा भाग अनुभवी माणसाला जास्त जड जातो, कारण त्याला नवशिक्या व्हावं लागतं. मूळ डेस्कटॉप जसा येतो तसा काही आठवडे वापरायचा, हात शिवशिवले तरी. या काळात बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की एक्स्टेन्शन घालून मिळवलेली सोय दरम्यान मूळ डेस्कटॉपमध्येच आलेली आहे. ग्नोममध्ये सुपर की दाबून प्रोग्रॅमच्या नावाची दोन-तीन अक्षरं टंकली की तो समोर येतो. ही सवय लागली की डॉकची आठवणही क्वचितच होते. रात्रीचा उबदार प्रकाश, खिडकी कडेला नेऊन अर्ध्या पडद्यावर बसवणं, गडद रंगसंगती यांसाठी एके काळी वेगळी साधनं लागत, आता लागत नाहीत.

खरोखर काही अडलंच, तर ते तेवढं जोडावं. अक्षरं मोठी करणं, डावखुऱ्यासाठी माउसची बटणं उलटवणं, मराठी कीबोर्ड यांबद्दल दुमत व्हायचं कारण नाही. डोळे आणि हात आपले आहेत. बाकीच्या बाबतीत एका वेळी एकच बदल करावा आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, बदल आणि कारण अशी ओळ लिहावी. कारण लिहिताना पेन अडलं, तर तो बदल बहुधा नको असतो. प्लाझ्मा वापरणाऱ्यांना थोडी आयती मदत आहे: २०२० च्या ५.२० आवृत्तीपासून सिस्टम सेटिंग्जमध्ये बदललेली सेटिंग ठळक करून दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की मूळ मांडणीपासून आपण कुठे कुठे सरकलो, ते एका नजरेत कळतं.

नाव बदलून ठेवलेला जुना फोल्डर पुढचं मोठं अपडेट विनातक्रार पार पडेपर्यंत राहू द्यावा. त्याने डिस्कची जागा फार अडवली असेल, तर बहुतेक वेळा ती ब्राउझरची असते, थीमची नव्हे.