मुलांच्या नोंदी : जे पाहिले तेच, आणि त्याच दिवशी

व्यापाराच्या पानावर लहान मुलांच्या नोंदींचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वही लिहिणे हा आपला रोजचा व्यवहार आहे. ज्या भगिनी अंगणवाडीत, बालवाडीत किंवा घरच्या पाळणाघरात दुसऱ्यांची मुले सांभाळतात, त्यांची सर्वांत मोठी तक्रारही वहीचीच असते. मुले सांभाळणे त्यांना उत्तम जमते, लिहिणे मात्र मागे पडते. म्हणून एका कापड दुकानदाराला जे ठाऊक आहे ते त्यांच्यासमोर ठेवावे असे वाटले.

माझे दुकान खामगावात आहे. माझी भाची जवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. काही वर्षांपूर्वी ती महिनाअखेरीस दुकानात आली आणि कापड पाहण्याऐवजी गादीवर रजिस्टर उघडून बसली.

“मामू, कपडे नंतर. उद्या पर्यवेक्षिका बाई येणार, महिन्याची वजने भरायची आहेत.”

“वजने घेतलीस ना बेटी?”

“काहींची घेतली. बाकीच्यांच्या मागच्या आकड्यात दोनशे ग्रॅम वाढवून लिहिते. कोण बघतंय?”

मी गप्प बसलो, कारण तीच चूक मी स्वतः केली होती. वडिलांच्या हाताखाली नवीन बसलो तेव्हा गर्दीच्या दिवसांत उधारी रात्री आठवून लिहीत असे. एकदा शर्टिंगचे बारा मीटर कापड भलत्याच गिऱ्हाइकाच्या नावे पडले. तो बिचारा शपथ घेऊन सांगत होता की मी नेले नाही, आणि मी वही दाखवून त्याला खोटा ठरवत होतो. खरा गिऱ्हाईक पैसे द्यायला आला तेव्हा माझी चूक समजली. जुने गिऱ्हाईक मात्र परत आले नाही. वडील एवढेच म्हणाले, “कोरी जागा चालेल, अंदाज चालणार नाही.”

भाचीला ही गोष्ट मी त्या दिवशी सांगायला हवी होती. सांगितली नाही, याची खंत आहे. पुढे आरोग्य तपासणीचे पथक गावात आले. तीन वर्षांच्या एका मुलाचे वजन रजिस्टरमध्ये चार महिने बरोबर वाढत होते. काट्यावर ते चार महिन्यांपूर्वी होते तेवढेच निघाले. दंडाचा घेर मोजला तर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलात एवढा घेर म्हणजे अतितीव्र कुपोषण. मुलाला उपचारासाठी पाठवावे लागले. तो बरा झाला, पण त्याचे चार महिने वाया गेले. भाची फार रडली. इतर भगिनींना उपयोग व्हावा म्हणून तिच्या परवानगीने हे लिहीत आहे.

येथे सेविकांनाच दोष देऊन मोकळे होणे बरोबर नाही. ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाई मोडक यांच्या प्रयोगातून आला. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही ती कल्पना. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभर ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण, गरोदर मातांची काळजी अशी कामे एकाच बाईकडे आली आणि प्रत्येक कामाची नोंद आली. २०१२ च्या सुमारास नव्या पद्धतीने रजिस्टरांची संख्या ११ ठरवण्यात आली. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाईलवरचे ॲप आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अनेक सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲपला कंटाळून सरकारी मोबाईल परत केले होते. मानधनावर काम करणाऱ्या बाईवर हे ओझे आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

ही अडचण आपल्याकडेच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांना सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. २००८ पासून तेथे लहान मुलांच्या संगोपनाची एक सक्तीची चौकट लागू आहे. मूल दोन ते तीन वर्षांचे असताना त्याच्या प्रगतीचा लेखी आढावा आईबापांना द्यावा लागतो. त्या बायकाही निरीक्षणाच्या कागदांत बुडून गेल्या. पुढे चौकट सुधारताना तेथील सरकारने स्पष्ट केले की नोंदींसाठी मुलांपासून फार वेळ दूर राहावे लागू नये आणि गरजेपेक्षा जास्त कागद करू नयेत. म्हणजे लिहावे थोडे, पण ते उपयोगाचे असावे. ते कसे साधावे, याची रीत आपल्या दुकानदारीत आधीच आहे.

१) कच्ची वही जवळ ठेवा. दुकानात व्यवहार होताच कच्च्या वहीत टिपतात आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवतात. तशीच एक लहान वही आणि पेन्सिल जवळ असावी. मूल काही नवे करील तेव्हा तारीख, नाव आणि चार शब्द तेथेच टिपावेत. रात्री आठवून लिहिण्याची वेळ येऊ देऊ नये.

२) रोज पाचच मुले. पंचवीस मुलांचे रोज लिहायचे ठरवले तर एकाचेही लिहून होत नाही. सोमवार ते शुक्रवार रोज पाच मुले नेमून घ्या. त्या दिवशी त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्या आणि प्रत्येकाच्या दोन-तीन ओळी लिहा. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. राहून गेलेल्यांसाठी शनिवार ठेवा.

३) जे पाहिले ते लिहा, आपले मत लिहू नका. “हट्टी आहे, ऐकत नाही” ही नोंद नव्हे. “पाठमोरा असताना तीनदा हाक मारली, वळला नाही, समोर गेल्यावर हसला” ही नोंद. पहिल्या वाक्याने मुलाला मार बसेल. दुसरे वाक्य डॉक्टरांनी वाचले तर कान तपासतील.

४) वजनात अंदाज नको. काटा आधी शून्यावर आणा. दर वेळी तोच काटा वापरा, मुलाच्या अंगावर शक्य तितके कमी कपडे असू द्या आणि आकडा तेथेच लिहा. मूल गैरहजर असेल तर ‘गैरहजर’ लिहून जागा कोरी ठेवा आणि दोन दिवसांनी घरी जाऊन वजन घ्या.

५) महिनाअखेर खतावणी करा. रोजमेळात सर्वांचे व्यवहार एकत्र असतात, खात्यात एकेकाचे वेगळे होतात. तसे प्रत्येक मुलाला एक पान द्या आणि महिन्याच्या टिपणांतून त्याची दोन ओळींची शिल्लक काढा. वाढीच्या तक्त्यावर रेघ वर जाते आहे, आडवी आहे की खाली वळली आहे, हे पाहा. रेघ खाली वळली की कोणीही घाबरते. आडव्या रेघेकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि धोका तेथूनच सुरू होतो.

६) ‘काय केले’ हा रकाना ठेवा. उधारी नुसती लिहून वसूल होत नाही. मुलाचे वजन थांबले असे लिहिले, तर आईशी बोललो का, आशाताईला कळवले का, दवाखान्यात दाखवले का, हेही समोर आले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करावी अशी योजना आहे. पथक येईल त्या दिवशी शंका असलेल्या मुलांची पाने वेगळी काढून डॉक्टरांच्या हातात द्यावीत.

घरी पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींवर अकरा रजिस्टरांची सक्ती नाही, म्हणून तेथे बहुधा काहीच लिहिले जात नाही. त्यांनी मूल दाखल होतानाच एक पान भरून घ्यावे : जन्मतारीख, झालेल्या लसी, कोणते अन्न किंवा औषध सोसत नाही, आईबापांचे फोन आणि मुलाला न्यायला कोण येईल त्यांची नावे. पुढच्या नोंदी त्याच पानामागे जोडाव्यात. हे पान पाहून आईबापांचा विश्वास बसतो, आणि या धंद्यात विश्वासाशिवाय भांडवल नाही.

एक दस्तूर मात्र सर्वांनी पाळावा. आपण एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्याला दाखवत नाही. तसे एका मुलाचे पान दुसऱ्या आईसमोर उघडू नये आणि मुलाचा फोटो न विचारता मोबाईलवर पाठवू नये. मूल दुसऱ्याची अमानत आहे, तशी त्याची माहितीही अमानत आहे.

भाची आता ओट्यावर काटा टांगते, मदतनीस मुलाला धरते आणि आकडा तेथेच वहीत जातो. मागच्या खेपेला तिने एक पान दाखवले. तीन मुलांसमोर ‘गैरहजर’ लिहिले होते आणि खाली दोन दिवसांनंतरच्या तारखेची त्यांची वजने होती. पर्यवेक्षिका कोऱ्या जागांबद्दल रागावल्या का, असे मी विचारले.

“रागावल्या, मामू,” ती म्हणाली. “पण ती तिन्ही वजने खरी आहेत.”