‘स्क्रूटिनाइज’ : एका क्रियापदाची छाननी

इंग्रजीच्या पेपरात ‘एक्झॅमिन’, ‘इन्स्पेक्ट’ आणि ‘स्क्रूटिनाइज’ ही क्रियापदे आली, की आपल्यापैकी बहुतेकजण तिन्हींपुढे ‘तपासणे’ असा एकच अर्थ लिहून मोकळे होतात. परंतु पालघरच्या कचेऱ्यांत, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आणि आपल्या स्वतःच्या प्रवेश-अर्जांत ही क्रियापदे निरनिराळी कामे करीत असतात. तो भेद न कळल्यास नुकसान केवळ दोन गुणांचे होत नाही.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘एक्झॅमिन’च्या मुळाशी लॅटिनमधील तराजूचा काटा आहे, म्हणजे तोलून पाहणे. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत पाहणे. ‘इन्व्हेस्टिगेट’मध्ये पाऊलखुणा दडल्या आहेत, आपला ‘माग काढणे’ त्याचा सख्खा भाऊ शोभावा. ‘स्क्रूटिनाइज’ मात्र गरीब घरचे. लॅटिन ‘स्क्रूटारी’ म्हणजे शोधणे, आणि ते ‘स्क्रूटा’ म्हणजे चिंध्या, मोडकेतोडके सामान, या शब्दावरून आले असे परंपरेने सांगतात. भंगाराच्या दुकानात पोते ओतून पितळ एकीकडे, लोखंड एकीकडे, असा एकेक तुकडा उचलून पाहणारा माणूस ज्याने पाहिला असेल, त्याला या क्रियापदाचा अर्थ कोशाशिवाय समजला. आपली ‘छाननी’ही चाळण्या-गाळण्याच्याच कुळातली. ढीग मोठा असावा, त्यातील प्रत्येक वस्तू वेगळी पाहिली जावी आणि शेवटी ‘हे ठेवू, हे टाकू’ असा निर्णय निघावा, एवढे या क्रियापदात गृहीत असते. म्हणूनच केळव्याच्या किनाऱ्यावरील सूर्यास्त कोणी ‘स्क्रूटिनाइज’ करीत नाही.

वापराविषयी थोडे. हे क्रियापद सकर्मक आहे व ते कर्म थेट घेते. ‘तपशिलात शिरून’ या मराठी वळणाने आपण त्याच्यापुढे ‘इनटू’ जोडतो, ती चूक. नामरूप ‘स्क्रूटिनी’ अधिक प्रचलित, आणि त्याच्यामागे ‘क्लोज’ हे विशेषण शोभते. स्पेलिंगमध्ये ‘एस’ लिहा किंवा ‘झेड’, दोन्ही ग्राह्य. डॉक्टर रोग्याला ‘एक्झॅमिन’ करतात; औद्योगिक वसाहतीतील बॉयलर निरीक्षक ‘इन्स्पेक्ट’ करतो, आणि त्याच बॉयलरच्या नोंदवहीतील आकडे तो ‘स्क्रूटिनाइज’ करतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि १९७१ च्या त्रिपक्षीय करारान्वये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आल्या. या देखरेखीचे वर्णन करताना दोन्ही क्रियापदे लागतात: यंत्रसामग्री ‘इन्स्पेक्ट’ होते, इंधनाचा हिशेब ‘स्क्रूटिनाइज’ होतो. (कचेरीतल्या ‘अवलोकनार्थ’मागचे ‘परूज’ हे क्रियापदही मुळात बारकाईने वाचण्याचे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता खरा गुंता. ‘स्क्रूटिनी’ या एकाच इंग्रजी नामाचे शासकीय मराठीत तीन शब्द झाले आहेत: छाननी, पडताळणी आणि तपासणी.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ३६ वे कलम उमेदवारी अर्जांच्या ‘स्क्रूटिनी’चे. मराठीत ती ‘छाननी’. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या आपल्या पालघर लोकसभा मतदारसंघात २००९ च्या पहिल्या निवडणुकीपासून हा शब्द दर खेपेस वृत्तपत्रांत येतो. येथील ‘स्क्रूटिनी’ आटोपशीर आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने गरज वाटल्यास संक्षिप्त चौकशी करावी व किरकोळ दोषासाठी अर्ज फेटाळू नये, असे कलमच सांगते.

दुसरी ‘स्क्रूटिनी’ जातीच्या दाखल्याची. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘स्क्रूटिनी’ समित्यांची पद्धत घालून दिली. तो दावा महादेव कोळी जमातीचा होता. पुढे महाराष्ट्राने २००० चा अधिनियम केला. त्यातील समितीला इतर प्रवर्गांसाठी ‘पडताळणी समिती’ म्हणतात, तर अनुसूचित जमातींसाठी ‘तपासणी समिती’. इंग्रजी शब्द एक, दारावरच्या पाट्या दोन! आपल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी मित्रांचा संबंध दुसऱ्या पाटीशी येतो.

येथे ‘छाननी’ समजून जाणारा फसतो. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हाती आहे, झेरॉक्स जोडल्या की झाले, असे त्याला वाटते. परंतु याच अधिनियमाच्या ८ व्या कलमाने सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकला आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या व महसुली नोंदी पाहिल्या जातात. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. शंका राहिली तर दक्षता पथकाची चौकशी आणि आप्तभाव चाचणी: कुलदैवत कोणते, लग्नविधी कसा, बोली कोणती. जव्हारहून वडील नोकरीसाठी बोईसरला आले आणि मूल वसाहतीच्या चाळीत वाढले, तर त्याला लग्नाचा चौक कसा लिहितात हे कोठून ठाऊक असणार? २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठविण्याचीही आवश्यकता नाही. कागदपत्रांनी समितीचे समाधान झाले तर तेवढे पुरे. मला हा निकाल भाषेच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. ‘स्क्रूटिनाइज’चे कर्म दावा आहे, माणूस नव्हे. ‘माय क्लेम इज बीइंग स्क्रूटिनाइज्ड’ असे लिहावे. ‘आय अ‍ॅम’ने वाक्य सुरू करू नये.

गंमत अशी, की विद्यापीठात हाच ‘पडताळणी’ शब्द अगदी उथळ पाण्यात उतरतो. गुणपडताळणीत उत्तर पुन्हा कोणी वाचत नाही; बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहतात. उत्तर नव्याने वाचले जावे असे वाटत असेल, तर पुनर्मूल्यांकनाचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. दोन्हींची मुदत निकालपत्रकासोबतच्या सूचनेत दिलेली असते.