वेष आणि देह

यंदाच्या स्नेहसंमेलनांत एका विद्यार्थ्यानें ‘एकच प्याला’ नाटकांतील सिंधू सुरेख वठविली. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील चिंतातुर होऊन आले: “ह्यास डॉक्टरांकडे न्यावें काय?”

आम्हीं म्हटलें, बालगंधर्वांनीं (१८८८–१९६७) हीच सिंधू रंगविली. घरंदाज स्त्रिया त्यांची लुगडें नेसण्याची तऱ्हा उचलीत. म्हणून ते पुरुष नव्हेत, असें ठरलें नाहीं. हल्लीं मात्र हळव्या मुलाचा देहच चुकला, असें सुचविणारे भेटतात. तें आम्हांस पटत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले, तें योग्यच. कोणाचीहि हेटाळणी नको. परंतु मुलांचें वयांत येणें औषधांनीं थोपविण्याविषयींचा पुरावा डॉ. हिलरी कॅस ह्यांच्या २०२४ च्या अहवालांत कच्चा ठरला, आणि इंग्लंडांत त्याच वर्षीं तीं औषधें सर्रास देणें बंद झालें.

मुलगा सध्यां भामिनीचीं पदें पाठ करीत आहे.