आवाज येतो, चित्र नाही

"दादा, आवाज येतोय, पण चित्रच नाही." असे फोन सारखे येतात. साताऱ्यात टीव्ही दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, अगदी पिक्चर ट्यूबच्या काळापासून. अशा घरी गेलो की आधी खोलीतले दिवे घालवायला सांगतो. मग मोबाईलची बॅटरी पडद्याला अगदी टेकवून तिरकी धरतो. डोळे बारीक करून पाहिलं की आत बातम्या देणारी बाई हलताना दिसते, खालची धावती पट्टीसुद्धा दिसते. म्हणजे पॅनेल शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. घरातली मंडळी तोवर नव्या टीव्हीचे भाव काढून आलेली असतात.

दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जो मिळतो तो मुळात एलसीडीच. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही, मागचा उजेड कुठे अडवायचा नि कुठे सोडायचा एवढंच त्याचं काम. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइटी असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. पट्टीतले दिवे दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक गेला की अख्खी रांग जाते, आणि बरेच सेट तेवढ्यावरून सगळाच उजेड बंद करून टाकतात. पट्ट्या बदलायला फार खर्च येत नाही. पॅनेल फुटलं तर मात्र बहुतेक वेळा नवा टीव्ही घेतलेला परवडतो.

क्यूएलईडी हेही याच घराण्यातलं. त्यात क्वांटम डॉटचा थर असतो, तो निळ्या उजेडातून शुद्ध लाल नि हिरवा काढतो. या क्वांटम डॉटच्या शोधाला 2023चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि रंग खरोखर खुलतात, त्यात खोट नाही. पण मागे दिवेच आहेत, आणि तेही जायचे तसेच जातात. ते लवकर जातात ते बहुतेक उष्णतेने. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावं म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' लावून ठेवलेलं असतं. घरीही अनेक सेट मी तसेच चालू बघतो, बॅकलाइट शंभरावर. तो साठ-सत्तरवर आणा. पहिले दोन दिवस चित्र मळकट वाटेल, मग डोळ्याला सवय होते.

ओएलईडीचा प्रकार निराळा. त्यात मागे दिवेच नाहीत, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तर चक्क विझतो. रात्री दिवे मालवून सिनेमा बघावा तर ओएलईडीवरच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे ठिपके उजळून उजळून झिजतात, आणि जिथे सतत तेच चित्र तिथे जास्त झिजतात. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे मुलाने हौसेने ओएलईडी पाठवला. वडील निवृत्त, सकाळी चहापासून रात्री जेवणापर्यंत एकच मराठी बातम्यांचं चॅनल. आपल्या बातम्यांच्या पडद्यावर वर पट्टी, खाली पट्टी, कोपऱ्यात बोधचिन्ह, मधे उरलेल्या जागेत बातमी. मी गेलो तेव्हा क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर ती खालची पट्टी पुसट उमटलेली दिसत होती. हा डाग बऱ्याच वॉरंट्यांत धरत नाहीत. घेण्याआधी तेवढं कलम तरी वाचा.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती. आजोबा शिस्तीचे. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायचेच. ओएलईडी सेट रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये ठिपक्यांची झीज तपासून ती सावरून घेतात. साधारण चारेक तास बघून झालं की पुढच्या बंदच्या वेळी हे काम आपोआप होतं. बटणच घालवलं तर ते होणार कधी? तेव्हा ओएलईडी असेल तर रोज रिमोटनेच बंद करा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली तर मात्र पिन काढा, आणि डिशची वायरही काढा. छतावरच्या वायरीतून झटका सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये येतो, हे मी कितीदा तरी उघडून पाहिलंय.

हॉलमध्ये समोर गॅलरीचं दार असेल आणि दुपारी मालिका बघायच्या असतील, तर ओएलईडीचा तो सुंदर काळा रंग आरशासारखा तुमचाच चेहरा दाखवील. तिथे साधा एलईडी चालतो. त्यातही पॅनेलच्या दोन जाती आहेत. व्हीएमध्ये काळं गडद, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूने नीट दिसतं, पण अंधारात काळं राखाडी होतं. विक्रेत्याला जात विचारलीत तर तो बहुधा इंच सांगेल. त्यापेक्षा सेटसमोरून चालत कडेला जा आणि माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघत राहा.

बातम्याही आणि सिनेमाही हवा, तर मिनी एलईडी. मागे खूप बारीक दिवे, आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद होतात. गट किती आहेत ते विचारा. थोडे असतील तर काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या सेटचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हापासून आमच्या गल्लीतही 55 इंचाखाली कोणी बोलत नाही. ठीक आहे. पण तुमच्या डिशवरची साधी चॅनलं 576 ओळींची असतात आणि फोरकेच्या पडद्यावर ओळी 2160. उरलेलं सगळं टीव्ही अंदाजाने भरतो. पडदा जेवढा मोठा आणि तुम्ही जेवढे जवळ, तेवढा तो अंदाज उघडा पडतो. म्हणून दुकानातली ती फुलं-पाखरांची फिल्म बंद करायला लावा आणि आपण बघतो ते चॅनल लावून मागा. कुरकुर करतील, करू द्या. खोक्यावर 'मोशन' शब्दापुढे मोठा आकडा असला तर त्यावर जाऊ नका. पॅनेल खरोखर 60 हर्ट्‌झचं की 120चं, एवढंच विचारा. चेंडूमागची शेपटी त्यावर बरीच अवलंबून असते.

पडद्यावर काच पुसायचं पाणी फवारू नका. ते ओघळून खालच्या कडेत शिरतं, तिथे पॅनेलची नाजूक जोडणी असते, आणि मग उभ्या रेघा येतात. फडकं किंचित ओलं करून हलकं फिरवा. सेट घरी आल्यावर माणूस जायच्या आत चालू करून एकदा पूर्ण पांढरा नि एकदा पूर्ण काळा पडदा बघा, बिलावरचा सीरियल नंबर मागच्या लेबलाशी ताडून घ्या. आणि खोकं थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका. पुढे कधी सेट दुरुस्तीला न्यावा लागला तर रिक्षात तो उभाच न्यायचा असतो, आणि त्यासाठी त्या खोक्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.