बारूखाची दुसरी गुंडाळी

शास्त्रपाठ: यिर्मया 36 व 45, 2 तीमथ्य 1:7



भीतीविषयी शिकवताना आपण बहुधा दावीद व गल्याथाची गोष्ट घेतो. मला या वेळी बारूखाकडे पाहावेसे वाटते. तो योद्धा नव्हता, लेखक होता. यिर्मया संदेष्ट्याने सांगावे आणि त्याने शाईने लिहून घ्यावे, हे त्याचे काम.

यिर्मयाला मंदिरात जाण्यास प्रतिबंध होता, म्हणून गुंडाळी वाचून दाखवण्याची जबाबदारीही बारूखावर आली. सरदारांनी ती ऐकली, ते घाबरले आणि त्यांनी त्याला यिर्मयासह लपून बसण्यास सांगितले. पुढे ती यहोयाकीम राजासमोर वाचली गेली. थंडीचे दिवस होते, शेगडी पेटलेली होती. थोडा भाग वाचून झाला की राजा तेवढा चाकूने कापी आणि आगीत टाकी. सगळी गुंडाळी जळाली.

येथे थोडे थांबू या. बारूखाची भीती खोटी होती असे शास्त्र म्हणत नाही. राजाने त्यांना धरायला माणसे पाठवलीच होती, परमेश्वराने त्यांना लपवून ठेवले. त्यानंतरची आज्ञा अशी, की दुसरी गुंडाळी घे आणि पुन्हा लिही. त्या दुसऱ्या गुंडाळीत पहिल्यापेक्षा अधिक मजकूर आला.

मी नवापूर तालुक्यातली. घरी आम्ही मावची बोलतो, मराठी मी शाळेत शिकले. दिवाळीनंतर आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. मुले फडाजवळच्या पालात राहतात आणि शाळा सुटते. माझ्या धाकट्या भावाचे दोन हिवाळे असेच गेले. हे मी वहीत लिहिले, पण कोणाला दाखवण्याचे धैर्य होईना. मुकादम रागावला आणि पुढच्या वर्षी उचल दिली नाही तर? आणि त्याहून मोठी भीती, माझ्या मराठीला लोक हसतील. एका शिक्षकांनी माझा निबंध वर्गात वाचून मुलांना हसवले होते, ते कानात बसले होते.

आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी माझ्याबरोबर यिर्मयाचा 45 वा अध्याय वाचला. पाचच वचने आहेत. बारूख थकला आहे, कण्हत आहे. देव त्याला विचारतो की तू स्वतःसाठी मोठेपणा शोधतोस काय, आणि जिवाचे रक्षण करण्याचे अभिवचन देतो. हे बोल कठोर वाटतात खरे, पण माझी एक भीती तेथेच सैल झाली. हसण्याची भीती माझ्या नावाची होती. लिहायचे होते ते भावाविषयी. पौलाने तरुण तीमथ्याला भीतीच्या विरुद्ध सामर्थ्य, प्रीती आणि संयम यांची आठवण दिली. त्यातली प्रीती आपण घाईने वाचून पुढे जातो, असे मला वाटते.

बाईंनी लक्ष्मीबाई टिळकांचेही सांगितले. त्या शाळेत शिकल्या नव्हत्या, तरी घरात बोलतात तशा भाषेत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले.

मुकादमाची भीती मात्र गेली नाही. ती आजही आहे. म्हणून मी आधी बाबांना विचारले, गावाचे व माणसांचे नाव गाळले. बाबा म्हणाले, “खरे असेल तेवढेच लिही, आणि मलाही वाचून दाखव.” मग ते लिखाण उपासनेनंतर मंडळीत वाचले. हात कापत होते. दोन ठिकाणी माझे व्याकरण चुकले, पण कोणी हसले नाही. एक आजी उठून म्हणाल्या की यंदा नातवंडे माझ्याजवळ राहतील, संध्याकाळी त्यांचा अभ्यास कोणी घेईल काय? आता चर्चमध्ये तो वर्ग मी व माझी मैत्रीण घेतो. भाऊही त्यात बसतो.

हंगाम सुरू झाला की पुन्हा काही मुले जातील. त्यांच्यासाठी आणि उचल फेडणाऱ्या आईबापांसाठी आपल्या प्रार्थना चालू ठेवा. माझी दुसरी वही अर्धी झाली आहे.