नागपूर ते शिर्डी : आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा प्रत्यक्ष वेळ

जरीपटका येथून शिर्डीस दर्शनासाठी निघणारे भाविक बहुधा प्रथम हेच विचारतात की, विमानाने किती वेळ लागतो? वृद्ध मातापित्यांना सोबत नेणाऱ्यांनी या प्रश्नाचे पूर्ण उत्तर समजून घेणे हितावह आहे.

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस सोनेगाव येथे आहे. शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे असून तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. अक्षांश-रेखांशांवरून काढलेले या दोहोंमधील सरळ अंतर सुमारे ५१० किलोमीटर, म्हणजेच २७५ सागरी मैल भरते. विमान मात्र अगदी सरळ रेषेत जात नाही. नेमून दिलेला हवाई मार्ग, वाऱ्यानुसार निवडलेली धावपट्टीची दिशा आणि चढण्या-उतरण्यातील कमी वेग यांमुळे पंख्याच्या लहान विमानास सुमारे सव्वा तास, तर जेट विमानास सुमारे एक तास लागतो.

हा वेळ केवळ आकाशातील होय. जरीपटक्याहून विमानतळ गाठण्यास पाऊण तास, उड्डाणापूर्वीचे दोन तास, उतरल्यावर सामान मिळण्यास अर्धा तास आणि काकडीहून शिर्डीपर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटर रस्त्यास अर्धा तास धरल्यास एकूण प्रवास पाच तासांचा होतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शहराबाहेर पडण्याचा व विश्रांतीचा वेळ धरून मोटारीने सुमारे सहा तास लागतात. म्हणजे थेट विमानाने वाचतो तो साधारण एक तास. वाटेत दुसऱ्या शहरी विमान बदलावे लागल्यास तोही वाचत नाही. म्हणून थेट विमान आहे की नाही, याची चौकशी करूनच तिकीट काढावे.

वेळेपेक्षा प्रकृतीचा विचार मोठा आहे. ज्यांना फार वेळ बसवत नाही, त्यांना थेट विमान सोयीचे. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. मोटारीने जाणाऱ्यांनी रात्रीचा प्रवास टाळावा व दर दोन तासांनी थांबावे. १ जुलै २०२३ च्या रात्री याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस अपघातात २५ प्रवाशांनी प्राण गमावले, हे विसरू नये.

इंदोरा चौकातून मेट्रोने विमानतळ स्थानकापर्यंत जाता येते. तेथून पुढे इमारतीपर्यंत वाहन घ्यावे. पहाटेच्या विमानासाठी मात्र मेट्रोवर विसंबू नये. दर्शनाची वेळ ठरविताना दोन तास हाताशी राखून ठेवावेत, म्हणजे विमानास उशीर झाला तरी मन शांत राहील.