गिनीपिगचे केस आणि माझी घाई



आपल्या गावाचे नाव मांजरी, आणि आमच्या घरी सध्या मांजर दिसताच ज्यांची गाळण उडते असे दोन प्राणी राहतात. त्यांना गिनीपिग म्हणतात. माझी आई सोसायटीत कामाला जाते. तिथले एक बिऱ्हाड परगावी गेले आणि जाताना एक पुठ्ठ्याचे खोके जिन्याखाली ठेवून गेले. खोक्यातून कुईकुई आवाज येत होता. आईला वाटले, कुत्र्याची पिल्ले असतील. उघडून पाहते तो आत केसांचे दोन गोळे! तोंड कुठे आणि पाठ कुठे काही कळेना. आई खोके घरी घेऊन आली. एकीचे नाव आम्ही झिपरी ठेवले, दुसरीचे काळी.

गिनीपिग हा गिनी देशचाही नाही आणि डुकराच्या जातीचाही नाही. तो उंदीर, खार यांच्यासारखा कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. पेरू, बोलिव्हिया या देशांत लोक तो हजारो वर्षांपासून पाळतात, आणि आपल्याकडे कोंबडी खातात तसा खातातही. तिकडे त्याला ‘कुय’ म्हणतात. आमच्या झिपरीचा आवाज ऐकलात तर असे नाव का, हे कुणाला विचारावे लागणार नाही. त्याच्या पुढच्या पायांना चार-चार बोटे आणि मागच्यांना तीन-तीन. बाहेर दिसेल अशी शेपटी नाहीच.

रानातल्या त्याच्या भाऊबंदांचे केस आखूड असतात. लांब केसांच्या जाती माणसांनी हौसेने तयार केल्या. त्यांचे केस महिन्याला साधारण एक इंच वाढतात आणि वाढतच राहतात. इंग्लंडात प्रदर्शनात ठेवायच्या गिनीपिगांचे केस कागदाच्या घड्यांत गुंडाळून बांधून ठेवतात म्हणे, जमिनीला लागून मळू नयेत म्हणून. हौसेला मोल नाही! पण हौस फिटली की केस काही वाढायचे थांबत नाहीत. आमच्या दोघींचे तसेच झाले होते.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या दिवशी मी झिपरीला उचलले तर ती अगदी गप्प. हलली नाही, ओरडली नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, “बघा, माझ्याकडं कशी लगेच माणसाळली!” कसलं माणसाळणं! गिनीपिग फार भ्याला की दगडासारखा थिजतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिचे काळीज माझ्या हाताला धडधड लागत होते, तरी मला कळले नाही.

तिच्या पोटाखाली आणि मागच्या पायांत केसांच्या गाठी होत्या. लेंड्या आणि मुताने त्या गोवरीसारख्या कडक झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी आजीची फणी आणि शिवणाची कात्री घेतली. गाठ ओढून धरली आणि कात्री चालवली. गाठीबरोबर तिची कातडीही वर ओढली गेली होती. झिपरी किंचाळली. करंगळीच्या नखाएवढी जखम झाली. रक्त थांबले, पण त्या रात्री तिने काही खाल्ले नाही. सकाळीही नाही.

मला गळू झाले होते तेव्हाच्या गोळ्या घरात उरल्या होत्या. दादा म्हणाला, “त्यातली पाव गोळी उगाळून देऊ.” आईने त्याचा हात धरला म्हणून बरे. आम्ही तिला फडक्यात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, “ती गोळी दिली असती तर हिला घेऊन इथवर आलाच नसता.” पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन ही आपली औषधे गिनीपिगच्या पोटातले चारा पचवणारे चांगले जंतू मारतात आणि त्याने गिनीपिग मरू शकतो. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. गिनीपिगच्या पोटात सारखा चारा जावा लागतो. दिवसभर तो उपाशी राहिला तरी आतडी थंडावतात, मग जीव वाचवणे कठीण. त्यांनी जखमेवर औषध लावले आणि सुई काढलेली पिचकारी दिली. चाऱ्याची पूड पाण्यात कालवून, तोंडाच्या कडेने थोडी थोडी, दर तीन तासांनी पाजायची. रात्रीसुद्धा. आई आणि मी आळीपाळीने उठलो. तिसऱ्या दिवशी पहाटे झिपरीने कोथिंबिरीची एक काडी आपणहून ओढली. काडी भराभर आत जाताना पाहून मला रडू आले, आणि आई तिथेच भिंतीला टेकून झोपली.

त्यानंतर मात्र आम्ही घाई केली नाही. कोपऱ्यात पालथे खोके ठेवले, त्याला दाराएवढे भोक पाडले आणि आठवडाभर दोघींना हात लावला नाही. फक्त जवळ जमिनीवर बसून मी मोठ्याने पाढे म्हणायचो. (पाढे माझेच पक्के झाले.) आधी काळी आली, मग तिच्या मागून झिपरी. हे प्राणी कळपाने राहणारे, एकटे झुरतात. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून कायदाच आहे, गिनीपिग एकटा पाळायचा नाही. आमच्या दोघी माद्या आहेत, हे डॉक्टरांनी बघून सांगितले. नर-मादी असती तर दोन-सव्वादोन महिन्यांत घरात पाळणा हलला असता!

उचलताना वरून झडप घालू नये. घार वरूनच येते, हे त्यांच्या रक्तात आहे. समोरून, खालून हात न्यावा. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या छातीशी धरावे. आपण जमिनीवरच बसावे, कारण कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी त्याचे दात किंवा हाड मोडते.

आता गाठी. आपल्या भागात रानात मेंढरे बसवतात तेव्हा धनगरमामा लोकर कातरताना तुम्ही पाहिले असेल. ते लोकर ओढत नाहीत, एका हाताने कातडी ताणून सपाट करतात आणि कातर तिच्यावरून आडवी नेतात. मी नेमके उलटे केले होते. गाठ आणि कातडी यांच्यामध्ये आधी फणी सरकवायची, आणि कात्री फणीच्या वरून चालवायची. म्हणजे कात्री चुकली तरी फणीला लागते. कात्री बोथट टोकांची हवी. गाठ कातडीला अगदी चिकटलेली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, डॉक्टर यंत्राने काढतात. एका बैठकीत एकच गाठ. झिपरीच्या सात गाठींना आम्हाला नऊ दिवस लागले.

रोजचे विंचरणे सोपे आहे. घोड्याला खरारा करतात तसे मात्र नव्हे. केस मुळाशी दोन बोटांत धरायचे, म्हणजे हिसका कातडीपर्यंत जात नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून थोडे थोडे वर जायचे. काळीला मांडीवर घेऊन काकडी दिली की ती ती संपेपर्यंत विंचरू देते. संपली की उठते.

मागचे केस आम्ही आखूडच ठेवतो. पावसाळ्यात ओल्या, घाण केसांवर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. शेळीच्या जखमेत पडतात तशाच. उन्हाळ्यात तर सगळ्या अंगाचे केस कमी करतो. पारा तिशीच्या वर गेला की यांना उष्मा बाधतो, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात तो चाळिशीला टेकतो. म्हणून खिडकीला ओले गोणपाट आणि बसायला एक जुने कौल. अंघोळ आम्ही घालत नाही. फार घाण झालीच तर फक्त मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडा करतो.

खायला मुख्य म्हणजे गवत, दिवसभर. शिवाय रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर. कारण माणूस, माकड यांच्याप्रमाणे गिनीपिगच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. 1907 साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिक या शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना नुसते धान्य घातले तर त्यांना स्कर्व्ही झाला, आणि माणसांच्या त्या रोगाचा उलगडा व्हायला त्याने मोठी मदत झाली. क जीवनसत्त्व पेरूतही भरपूर असते. पेरू देशच्या पाहुण्यांना आम्ही आठवड्यातून एकदा पेरूची बारीक फोड देतो. गोड असतो, म्हणून जास्त नाही.

दर रविवारी वाण्याच्या काट्यावर दोघींचे वजन करतो. वजन उतरू लागले की दुखणे दिसण्याआधीच कळते. झिपरी आली तेव्हा 640 ग्रॅम होती, गेल्या रविवारी 810 भरली. काळी तिच्याहून जड आहे, पण ती हावरीच.

खाली डाव्या कोपऱ्यात कागदाची पुडी टाचली आहे. त्यात झिपरीची सगळ्यात मोठी गाठ आहे. ती धुऊन, उन्हात वाळवून आणली आहे. उघडून हातात घेऊन पाहा आणि ती पोटाखाली बांधून चालायचे म्हणजे काय, याचा अंदाज घ्या. पुडी पुन्हा जागेवर लावा, चौथीच्या मुलांनी अजून पाहिलेली नाही.